प्रत्यारोपणानंतरचा कॅन्सर : जनुकीय चाचणीने आधी काही कळतं का?

रेणुसूत्र

नमस्कार मंडळी. किडनी, यकृत, हृदय यांच्या प्रतीक्षायादीवर असलेल्या पेशंटांना हल्ली 'हेरेडिटरी कॅन्सर पॅनेल' करून घ्या असं सुचवलं जातं. सत्तर-ऐंशी जनुकं, एक नळी रक्त आणि तीन-चार आठवड्यांनी पंधरा पानी अहवाल. युक्तिवाद वरवर चोख वाटतो. प्रत्यारोपणानंतर कॅन्सर वाढतो, कॅन्सर जनुकांत असतो, मग आधीच बघून घ्या की.

चर्चेला बूड असावं म्हणून थोडे आकडे. अमेरिकेतल्या १९८७ ते २००८ या काळातल्या १,७५,७३२ प्रत्यारोपणांची नोंद कॅन्सरच्या नोंदवह्यांशी ताडून पाहिली गेली. २०११ साली निकाल आला. एकूण कॅन्सर सामान्य लोकांच्या २.१ पट. पण ही सरासरी फसवी आहे. नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) साडेसात पट, मूत्रपिंडाचा कॅन्सर साडेचार पटींच्या वर, फुप्फुसाचा जवळपास दुप्पट. आणि स्तन व प्रोस्टेट अजिबात वाढलेले नाहीत. त्वचेचे नेहमीचे कॅन्सर अशा नोंदवह्यांत धरतच नाहीत, पण गोऱ्या लोकांत त्वचेचा स्क्वेमस सेल कॅन्सर ६५ पट किंवा त्याहूनही जास्त दिसतो.

म्हणजे पॅनेलमध्ये ऐसपैस जागा अडवून बसलेली बीआरसीए१, बीआरसीए२ ही मंडळी ज्या कॅन्सरशी (स्तन, प्रोस्टेट वगैरे) बांधलेली आहेत, ते प्रत्यारोपणाने फारसे वाढत नाहीत. जे वाढतात त्यांचं मूळ बहुतेकदा विषाणू, ऊन आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांत असतं. माझा प्रश्न असा : भारतीय पेशंटच्या बाबतीत अशी कुठली जनुकीय खूण आहे का, की जिचं उत्तर आल्यावर डॉक्टर खरोखर काहीतरी वेगळं करतील? नुसतं 'धोका जास्त' असं छापून येण्याला माझ्या लेखी किंमत नाही.

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अगस्ती

रेणुसूत्र, प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. त्या आधी सोडवू.

एक, पेशंटचं जन्मजात जनुक, जे अंगातल्या प्रत्येक पेशीत आहे. दोन, गाठीत नंतर झालेले बदल. दुसऱ्या प्रकारातून 'हे कशाने झालं' ते कळतं, 'कोणाला होईल' ते नाही. उत्तम उदाहरण अझाथायोप्रिनचं. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. या गोळीचं शरीरात ६-थायोग्वानिन होतं आणि ते ग्वानिनच्या जागी डीएनएत शिरतं. साधा डीएनए यूव्हीए किरण जवळजवळ शोषत नाही. थायोग्वानिन मात्र ३४० नॅनोमीटरच्या आसपास ते झपाट्याने शोषतं आणि तिथल्या तिथे ऑक्सिडेशनने डीएनए बिघडवतं. अशा पेशंटांच्या त्वचेच्या गाठींचं सिक्वेन्सिंग केल्यावर म्युटेशनचा एक वेगळाच ठसा सापडला. अशा ठशांच्या कॅटलॉगमध्ये तो ३२ क्रमांकाने आहे. औषधाने मागे ठेवलेली सहीच म्हणा ना.

पण ही सही गाठ झाल्यावर वाचता येते. आधी नाही.

सह्याद्रीची_सावली

@अगस्ती, मग अझाथायोप्रिन बंदच का करत नाहीत? आयएआरसी या कॅन्सरवरच्या जागतिक संस्थेच्या यादीत ते पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सरकारक, आहे. सायक्लोस्पोरिन हे तसंच दुसरं औषधही आहे त्याच गटात.

अगस्ती

बऱ्याच ठिकाणी त्याची जागा मायकोफेनोलेटने कधीच घेतली आहे. पण मायकोफेनोलेट गर्भाला घातक. मूल हवं असलेल्या बाईला गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी ते थांबवून अझाथायोप्रिनवर आणतात. मायकोफेनोलेटने जुलाब न थांबणारे लोक, खर्चाचा प्रश्न असलेले लोक, ही आणखी कारणं. तेव्हा गोळी अजून कपाटात आहे.

आणि नेमका इथेच जनुकीय चाचणीचा खराखुरा उपयोग आहे, फक्त तो कॅन्सरच्या पॅनेलमध्ये नसतो. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही ती दोन जनुकं.

ल्युकोसाइट

अगस्तींनी दार उघडलंच आहे तर आत जातो.

टीपीएमटी हे एन्झाइम थायोप्युरिन (अझाथायोप्रिनच्या वर्गातली औषधं) निष्क्रिय करतं. युरोपीय वंशाच्या सुमारे दहा टक्क्यांत ते अर्धवट असतं आणि साधारण तीनशेत एकात जवळजवळ नसतंच. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत सगळीकडे टीपीएमटी. पण २०१४ साली कोरियातल्या आतड्याच्या आजाराच्या पेशंटांत एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकातला दोष पुढे आला. टीपीएमटी ठणठणीत असूनही पांढऱ्या पेशी कोसळायच्या, त्याचं उत्तर हे. हा दोष पूर्व आणि दक्षिण आशियात बराच आढळतो, युरोपात क्वचित. टीपीएमटीचे दोष आपल्याकडे उलट कमी. म्हणून भारतात फक्त टीपीएमटी करून 'नॉर्मल आहे, चालू करा' म्हणणं म्हणजे पुढचं दार बंद करून मागचं सताड उघडं ठेवणं.

उत्तर आल्यावर करायचं काय :

जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर कॅन्सर नसलेल्या आजारात (प्रत्यारोपण त्यातच येतं) दुसरं औषध शोधा. एकच प्रत सदोष असेल तर नेहमीच्या डोसच्या ३० ते ८० टक्क्यांनी सुरुवात. ही शिफारस २ ते ३ मिलिग्रॅम प्रति किलो हा डोस धरून लिहिलेली आहे. प्रत्यारोपणात बऱ्याचदा १ ते २ मिलिग्रॅमच देतात, तेव्हा टक्केवारी डोळे मिटून लावू नका. पहिले दोन महिने सीबीसी दर आठवड्याला, निदान दर पंधरवड्याला.

लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे युरिक अ‍ॅसिडची गोळी. प्रत्यारोपितांत गाउट भरपूर. कोणीतरी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून देतो आणि अझाथायोप्रिन तसंच चालू राहतं. त्या गोळीने झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम अडलं की सगळा माल थायोग्वानिनच्या वाटेला लागतो. अझाथायोप्रिनचा डोस चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर आणावा लागतो, नाहीतर तीन आठवड्यांत मज्जा आडवी होते. फेबुक्सोस्टॅट या युरिक अ‍ॅसिडच्या दुसऱ्या गोळीनेही तेच होतं. इथे जनुक शंभर टक्के निर्दोष असून माणूस मरणाच्या दारात जातो.

चष्मिष्ट

मज्जा आडवी म्हणजे अस्थिमज्जा हो. काही लोकांना वाटेल पार्टी संपली.

तांबडी_माती

एक व्यावहारिक पुस्ती. टीपीएमटी दोन तऱ्हांनी तपासतात : लाल पेशींतली एन्झाइमची क्रिया, किंवा जनुक. डायलिसिसवरच्या पेशंटला रक्त चढवलेलं असतंच. गेल्या दोनतीन महिन्यांत पिशवी लागली असेल तर क्रियेची चाचणी रक्तदात्याचं एन्झाइम मोजते. अशांना जनुकाचीच चाचणी करा. ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी, दोनतीन मिली पुरे, हेपॅरिनची हिरवी नको. हेपॅरिन पीसीआरमध्ये खोडा घालतं.

आणि यकृताचं प्रत्यारोपण झालेलं असेल तर आणखी एक गंमत. रक्तातून निघेल ते पेशंटचं जनुक, पण औषध पचवणारं यकृत दात्याचं! टीपीएमटीला फारसा फरक पडत नाही, कारण मज्जेतल्या पेशी पेशंटच्याच. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) पचवणाऱ्या सीवायपी३ए५ या एन्झाइमला मात्र पडतो. तिथे यकृताला दात्याचा जीनोटाइप (जनुकाचा प्रकार) आणि आतड्याला पेशंटचा, असे दोन्ही लागतात.

वाटसरू७७

ऐकायला छान आहे पण रेणुसूत्रांनी विचारलंय कॅन्सरचं. तुम्ही सगळे औषधांच्या डोसवर घसरलात. टॅक्रोचं जनुक आणि कॅन्सर यांचा काय संबंध?

तांबडी_माती

थेट नाही, वळसा घालून आहे. १९९८ सालचा फ्रान्समधला प्रयोग घ्या. किडनी प्रत्यारोपणाला वर्ष उलटून गेलेले २३१ पेशंट, अर्ध्यांची सायक्लोस्पोरिनची पातळी १५० ते २५० नॅनोग्रॅम आणि अर्ध्यांची ७५ ते १२५. कॅन्सर पहिल्या गटात ३७ जणांना, दुसऱ्यात २३ जणांना. पण रिजेक्शन (शरीराने अवयव नाकारणं) पहिल्यात १, दुसऱ्यात ९. कॅन्सर नुसता औषधाच्या नावावर ठरत नाही, किती दाबलं यावर ठरतो, असं त्यातून निघालं. आणि सैल सोडलं की किंमत मोजावी लागते हेही.

आता सीवायपी३ए५. युरोपीय लोकांत मोठ्या बहुसंख्येला हे एन्झाइम नसतं. भारतीयांत ते असलेले पुष्कळ. असलेल्यांना टॅक्रोलिमस दीडपट ते दुप्पट लागतं. आधी माहीत असेल तर पहिल्या आठवड्यात पातळी गाठायला धडपड कमी, आणि पातळी वरखाली उड्या मारण्याचं प्रमाण कमी. यापलीकडे, म्हणजे 'जीनोटाइपवर डोस दिल्याने कॅन्सर घटला' असा दावा मी करणार नाही. पातळी शेवटी रक्तातच मोजायची असते.

रेणुसूत्र

@वाटसरू७७, घसरू द्या हो. कॅन्सरचा धोका बदलता येतो तो बहुतेक औषधांच्याच अंगाने, हे मला यातून दिसतंय.

पण पॉलिजेनिक रिस्क स्कोअरचं काय? २०१९ मध्ये युरोपीय वंशाच्या किडनी प्रत्यारोपितांवर, आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्यांवर असा स्कोअर लावून पाहिला होता. सामान्य लोकसंख्येत सापडलेल्या खुणांची बेरीज प्रत्यारोपितांतही त्वचेच्या कॅन्सरचा अंदाज देते असं निघालं.

मेलॅनिन

माझा विषय आला.

त्या स्कोअरमधली जनुकं नावानिशी बघा : एमसी१आर, आयआरएफ४, एएसआयपी, टीवायआर, एसएलसी४५ए२, एचईआरसी२-ओसीए२. निम्मीअधिक रंगाची जनुकं आहेत. एमसी१आरच्या लाल केसांच्या प्रकारात गडद मेलॅनिन फारसं बनत नाही, पिवळट-लाल बनतं आणि ते ऊन अडवत नाही. थोडक्यात हा स्कोअर बऱ्याच अंशी 'हा माणूस किती गोरा आहे' हे महाग पद्धतीने सांगतो. ते आरसाही सांगतो. तरी त्या लोकांत त्याचा थोडा जास्तीचा उपयोग आहे, कारण बारा महिने उन्हात राबलेल्या दोन सारख्याच गोऱ्या माणसांतला फरक आरसा सांगत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की खुणा युरोपीय जीनोमवर शोधलेल्या. शेजारशेजारच्या खुणा एकत्र वारशाने येण्याचा नकाशा लोकसमूहागणिक बदलतो. तिकडे जी खूण खऱ्या दोषाच्या बाजूला बसलेली असते ती इकडे तिथे बसलेली असेलच असं नाही. शिवाय मुळात भारतीयांत प्रत्यारोपणानंतर त्वचेचा कॅन्सर विरळा. विरळ्या गोष्टीची शक्यता दुप्पट झाली तरी ती विरळीच राहते. 'दुप्पट धोका' हे शब्द अहवालात दिसले की आधी विचारायचं, कशाच्या दुप्पट?

याचा अर्थ छत्री फेकून द्या असा नाही. गोव्याकडचे, कोकणातले गोरे लोक, कोड असलेले, अल्बिनिझम असलेले, आणि परदेशात गेलेले आपले लोक यांनी वर्षातून एकदा अंगभर त्वचा दाखवावी. कपडे उतरवून, ओठ आणि कानामागचा भाग धरून. प्रत्यारोपितांत स्क्वेमस सेल कॅन्सर ओठ आणि कान इथे जास्त उपद्रवी. फुप्फुस प्रत्यारोपित असेल आणि बुरशीसाठी व्होरिकोनाझोल महिनोन्‌महिने चालू असेल तर रंग कुठलाही असो, तपासणी दर तीनचार महिन्यांनी. ते औषध उन्हाशी मिळून त्वचा भाजतं आणि पुढे हाच कॅन्सर वाढवतं.

सह्याद्रीची_सावली

+१ मेलॅनिन. निकोटिनामाइडबद्दल (बी३ जीवनसत्त्वाचा प्रकार) पण लिहा ना, लोक ती गोळी औषधाच्या दुकानातून स्वतःच आणतात.

मेलॅनिन

२०१५ सालच्या चाचणीत ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नवे त्वचा-कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी. पण त्या चाचणीत प्रत्यारोपित नव्हते. प्रत्यारोपितांवर वेगळी चाचणी झाली, १५८ जण, निकाल २०२३ मध्ये : फायदा नाही. जुनं शीर्षक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतं, नवं फिरत नाही. सनस्क्रीन कंटाळवाणं आहे, पण काम करतं.

कुतूहल

सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कॅन्सरविरोधीही आहे म्हणतात. मग सगळ्यांनाच का देत नाहीत? जनुकं वगैरे बघायची भानगडच नको.

अगस्ती

कारण सिरोलिमस फुकट काही देत नाही. युरोपात झालेल्या चाचणीत (१२० किडनी पेशंट, त्वचेचा एक तरी स्क्वेमस सेल कॅन्सर होऊन गेलेले) सिरोलिमसवर आणलेल्यांत २२ टक्क्यांना पुन्हा झाला, सायक्लोस्पोरिन-टॅक्रोवर ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांना. पहिल्या गाठीनंतर लगेच बदललेल्यांना फायदा जास्त, अनेक गाठी झाल्यावर बदललेल्यांना कमी. पण २०१४ साली २१ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा कॅन्सर ४० टक्क्यांनी कमी दिसला आणि मृत्यू ४३ टक्क्यांनी जास्त. संसर्ग आणि हृदयविकाराने.

व्यवहारात : लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ४०च्या खाली असेल तर बदलू नका, किडनी जाते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत नको, जखम भरत नाही, लिम्फोसील (आत लसीकेचा साठा) होतं. नंतर हर्नियाचं किंवा कसलंही ऑपरेशन ठरलं तर आधी थांबवून टॅक्रोवर आणा. तोंडात छाले, कोलेस्टेरॉल, आणि कोरडा खोकला सुरू झाला तर न्यूमोनायटिस (फुप्फुसाचा दाह) आहे का ते बघा. नुसतं खोकल्याचं सिरप देऊन बसू नका.

जिथे विचार करावा लागत नाही अशी एकच जागा, कापोसी सार्कोमा (विषाणूमुळे होणारा, बहुतेकदा त्वचेवर दिसणारा कॅन्सर). २००५ मध्ये इटलीतल्या १५ किडनी पेशंटांना सायक्लोस्पोरिन बंद करून सिरोलिमस दिलं, पंधराही जणांच्या त्वचेवरच्या गाठी विरल्या.

तिरकस_आजोबा

आमच्या वेळी 'ताप आला तर क्रोसिन' एवढंच फार्माकोजिनोमिक्स होतं. चालू द्या, समजतंय निम्मं, पण आवडतंय पूर्ण.

पीसीआर_पाटील

विषाणूंवर कोणी बोललंच नाही अजून. लिम्फोमा साडेसात पट का, तर एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही). बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि बी पेशींत निपचित पडून राहतो. टी पेशी दाबल्या की उठतो. यात 'खूण' म्हणावी तर ती जनुकात नाही, अँटिबॉडीत आहे : दाता पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह. भारतात मोठ्या माणसांत निगेटिव्ह शोधून सापडत नाहीत, प्रश्न मुलांचा. आईची किडनी किंवा यकृताचा तुकडा पाच वर्षांच्या मुलाला, हे अगदी नेहमीचं चित्र आणि नेमकं जोखमीचं. अशा मुलाचं ईबीव्ही-डीएनए पहिल्या आठवड्यात एकदा, मग तीन ते सहा महिने दर महिन्याला, मग वर्ष पुरं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, आणि रिजेक्शनवर जोरदार उपचार झाला की पुन्हा.

चूक कुठे होते? एक महिना या लॅबमध्ये संपूर्ण रक्तावर, पुढचा महिना त्या लॅबमध्ये प्लाझ्मावर. दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. एकच लॅब, एकच नमुना, आणि निकाल आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये मागा. एका आकड्यावर घाबरू नका, चढता आलेख बघा. बेलाटासेप्ट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध ईबीव्ही निगेटिव्हला देतच नाहीत.

हे अँटिबॉडीचं रक्त प्रत्यारोपणाच्या आधी घ्यायचं, आणि पिशवी किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवण्याच्याही आधी. नाहीतर दुसऱ्याच्या अँटिबॉडी मोजून पेशंट पॉझिटिव्ह ठरतो. बाळाच्या बाबतीत आईच्या अँटिबॉडी वर्षभर घोळ घालू शकतात.

सह्याद्रीची_सावली

आणि एचपीव्ही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू. त्याची लस प्रत्यारोपणाच्या आधीच द्यायची. जिवंत विषाणूची नसल्याने नंतरही चालते, पण नंतर शरीर जेमतेम दाद देतं. प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना वय काहीही असो, तीन डोस : ०, २, ६ महिने. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक आल्यापासून निदान 'मिळत नाही' ही सबब उरली नाही.

वाटसरू७७

थोडं वाकडं बोलतो. सगळा धागा 'पॅनेल फालतू' या दिशेने चाललाय. ते बरोबर नाही. आपल्याकडे बहुतेक दाते जिवंत आणि त्यातले पुष्कळ रक्ताच्या नात्यातले असतात. पाश्चात्त्य देशांत मेंदूमृत दात्यांचं प्रमाण खूप जास्त, त्यामुळे तिकडच्या मार्गदर्शक सूचना वाचताना हा मुद्दा निसटतो. पेशंटचा दोष आनुवंशिक असेल तर तो दात्यातही असू शकतो. मग दात्याची एक किडनी काढून आपण दोघांचं नुकसान करतो.

अगस्ती

पूर्ण सहमत, आणि धाग्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे. फक्त त्यासाठी कॅन्सरचं पॅनेल नाही, *किडनी का गेली* याचं पॅनेल लागतं. काही उत्तरांनी सरळ ऑपरेशनचा बेत बदलतो :

डब्ल्यूटी१ : स्टिरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं वाहून जाणं) असलेलं बाळ. डेनिस-ड्रॅश सिंड्रोम निघाला तर विल्म्स ट्यूमरचा (लहान मुलांतला किडनीचा कॅन्सर) धोका म्हणून स्वतःच्या दोन्ही किडन्या प्रत्यारोपणाआधी काढतात. त्याच जनुकाचा दुसरा प्रकार फ्रेजियर; तिथे मुलगी म्हणून वाढलेल्या मुलाची गुणसूत्रं एक्सवाय असू शकतात आणि अविकसित गोनाडमध्ये (जननग्रंथीत) गाठ होते. तीही काढावी लागते. एक चांगली बातमी : आनुवंशिक नेफ्रोटिक सिंड्रोम नव्या किडनीत सहसा परतत नाही.

व्हीएचएल : दोन्ही किडन्यांत सिस्ट आणि गाठी. भाऊ दाता म्हणून पुढे आला तर आधी त्याच्यात तेच म्युटेशन आहे का बघायचं. नसेल तर तो निर्धास्त दाता.

टीएससी१, टीएससी२ (ट्यूबरस स्क्लेरोसिस) : इथे एमटॉर, म्हणजे पेशींची वाढ चालवणारं प्रथिन, रोखणारं औषध (एव्हरोलिमस, सिरोलिमस) मूळ आजारालाही लागू पडतं, म्हणजे औषधाची निवडच बदलते.

फुप्फुसात टीईआरटी, आरटीईएल१ वगैरे टेलोमिअरची (गुणसूत्रांच्या टोकांची) जनुकं. अशा पेशंटची मज्जा मुळात कमकुवत. मायकोफेनोलेट आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर (सीएमव्ही विषाणूवरचं औषध) यांच्या नेहमीच्या डोसने पांढऱ्या पेशी तळाला जातात.

ही खरी यादी. लहान आहे, पण प्रत्येक नावापुढे 'म्हणून काय करायचं' हे लिहिलेलं आहे.

ल्युकोसाइट

यात दोन खड्डे.

पहिला, व्हीयूएस, म्हणजे अर्थ न लागलेला बदल. भारतीयांच्या अहवालात हे जास्त निघतात, कारण तुलनेचे कोश युरोपीय. इंडिजेन आणि जीनोमइंडिया या भारतीय प्रकल्पांचे अनुक्रमे हजारभर आणि दहा हजार जीनोम आल्याने परिस्थिती सुधारतेय. व्हीयूएसवरून कोणाला दाता म्हणून नाकारू नका आणि कोणाचा अवयव काढू नका.

दुसरा खड्डा बारीक पण खोल. टीपी५३मध्ये दोष सापडला म्हणून घरात ली-फ्रॉमेनीची (पिढ्यान्‌पिढ्या कॅन्सर चालवणारा आनुवंशिक आजार) घबराट. अहवालात अ‍ॅलील फ्रॅक्शन बघा, म्हणजे किती टक्के डीएनएत तो बदल आहे ते. जन्मजात दोष पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो. दहापंधरा टक्के असेल तर तो बहुधा वयोमानाने रक्तपेशींच्या एका वंशात झालेला बदल आहे, वारशाचा नाही. खात्रीसाठी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवून तपासतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याचं तर रक्त आणि लाळ दोन्ही निरुपयोगी; दात्याचाच डीएनए येतो. लाळेतही पांढऱ्या पेशी असतात हे लोक विसरतात.

कुतूहल

आणि दात्याकडून कॅन्सरच आला तर? तसं होतं का?

पीसीआर_पाटील

फार क्वचित, दहा हजारांत एक ते पाच असा अंदाज धरतात. पण होतं. २०१८ साली छापून आलेलं युरोपातलं प्रकरण : २००७ मध्ये मेंदूतल्या झटक्याने गेलेली ५३ वर्षांची दाती, तपासण्या ठीक. फुप्फुस, यकृत, दोन्ही किडन्या मिळालेल्या चौघांना पुढे १६ महिने ते सहा वर्षांत स्तनाचा कॅन्सर, त्या अवयवातून पसरलेला. तिघे गेले. चौथ्याची किडनी काढली, औषधं थांबवली, किमो दिली, तो वाचला.

गाठ कोणाची हे एसटीआर या डीएनए चाचणीने ठरतं; पितृत्वासाठी वापरतात तीच. गाठ, पेशंटचं रक्त आणि दात्याचा साठवलेला डीएनए असे तिन्ही शेजारी ठेवायचे. दाती बाई आणि पेशंट पुरुष असेल तर एक्सवाय फिश (पेशीतली एक्स-वाय गुणसूत्रं चमकवून दाखवणारी चाचणी) एका दिवसात सांगतं. म्हणून एचएलएसाठी (दाता-पेशंट जुळणीसाठी) काढलेला दात्याचा डीएनए फेकू नका, फ्रीजरात राहू द्या. निदान महत्त्वाचं अशासाठी की दात्याची गाठ असेल तर प्रतिकारशक्ती मोकळी सोडल्यावर शरीर तिलाही परकी म्हणून रिजेक्ट करू शकतं.

तांबडी_माती

अवांतर, पण अगदीच नाही. जनुकात उमटणारी एक खूण अशी आहे की ती आपल्या परसातून येते. अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटवायच्या गोळ्यांत चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया गेली आणि बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यातल्या ३९ जणींच्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या, तर १८ जणींत कॅन्सर आधीच सुरू झालेला. गाठींत ए-चा टी होण्याचा ठसा इतका ठळक असतो की तो दिसला की कारण विचारायची गरज उरत नाही.

आपल्याकडे ईश्वरी किंवा सापसन म्हणतात ती, आणि किडामारी, ही त्याच कुळातली झाडं. कारण न सापडलेल्या किडनी फेल्युअरमध्ये झाडपाल्याचा इतिहास विचाराच, आणि नाव नाही सांगता आलं तर पुडी आणायला सांगा. उत्तर 'हो' असेल तर प्रत्यारोपणानंतर जुन्या किडन्या आणि मूत्रवाहिन्यांवर लक्ष : लघवीची सायटॉलॉजी, इमेजिंग. पेशंटच्या लघवीत रक्त दिसलं तर नव्या किडनीकडेच बघत बसू नका, जुन्या अजून आतच आहेत.

तिरकस_आजोबा

नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक, असं सांगणाऱ्याला सापसन हातात द्यावी.

मेलॅनिन

एक राहिलंच : एपिजेनेटिक खुणा, म्हणजे जनुकाची अक्षरं न बदलता त्यावर बसणारे रासायनिक शिक्के, आणि सोबत प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी. टी पेशींतल्या एफओएक्सपी३ किंवा सर्पिनबी९ जनुकावरचं मेथिलेशन (असाच एक शिक्का), रक्तातल्या नियामक टी पेशींचं प्रमाण, सीडी५७ असलेल्या थकलेल्या सीडी८ पेशी. ऑक्सफर्ड आणि नेदरलँड्समधल्या गटांनी हे दाखवलं आहे की पुढे त्वचेचा कॅन्सर होणाऱ्यांत यांतल्या काही खुणा वेगळ्या दिसतात. मला हा रस्ता पॉलिजेनिक स्कोअरपेक्षा जास्त पटतो, कारण तो वारशापेक्षा 'आज प्रतिकारशक्ती किती दमली आहे' हे मोजतो, आणि ते बदलता येतं. पण पेशंट थोडे, सगळे गोरे, आणि रोजच्या लॅबमध्ये ही चाचणी मिळत नाही. जुन्या काळी जीएसटी, एमटीएचएफआर अशा एकेका जनुकावर लेखांचा पाऊस पडला होता, त्यातलं फारसं काही टिकलं नाही. म्हणून जपून.

वाटसरू७७

मग यादीवरच्या चाळीस वर्षांच्या, तंबाखू खाणाऱ्या, किडनी का गेली ते माहीत नसलेल्या आणि बहीण दाता असलेल्या माणसाने नक्की काय करायचं? एका परिच्छेदात सांगा, डॉक्टरांसमोर तेवढाच वेळ मिळतो.

अगस्ती

तोंड उघडून दाखवायचं, दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला. पांढरा-लाल चट्टा असेल तर बायोप्सी आधी, यादी नंतर. तंबाखू आजपासून बंद. किडनीच्या आजाराचं जनुक पॅनेल, कारण कारण माहीत नाही आणि बहीण दाता आहे. काही निघालं तर बहिणीची फक्त तेवढ्याच जागेची चाचणी. घरातल्या दोघातिघांना पन्नाशीच्या आत कॅन्सर झाला असेल तरच आनुवंशिक कॅन्सरचं पॅनेल, तेही समुपदेशकाकडून. अझाथायोप्रिन द्यायचा विचार असेल तर एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी. ईबीव्ही, सीएमव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी दोघांचंही. बहिणीची वयानुसार मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी.

रेणुसूत्र

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो, पण त्या पॅनेलमध्ये नाही'. @ल्युकोसाइट, एक शंका : पेशंटला आठवड्यापूर्वीच रक्त चढवलंय. एनयूडीटी१५चा नमुना आत्ता घेतला तर चालेल?

ल्युकोसाइट

ल्युकोडिप्लीटेड पिशवी असेल तर सहसा चालतं, दात्याच्या पांढऱ्या पेशी नगण्य. साधी पिशवी असेल तर दोन आठवडे थांबा, किंवा गालाच्या आतला स्वॅब द्या. फॉर्मवर रक्त चढवल्याची तारीख लिहायला विसरू नका, लॅबवाले स्वतःहून विचारत नाहीत.